बाखचा कोरस म्हणजे नेमकी किती माणसं?

यूट्यूबवर बाखचा ‘बी मायनर मास’ (चर्चच्या उपासनेच्या लॅटिन शब्दांवरची मोठी रचना) शोधला की दोन तऱ्हेची सादरीकरणं समोर येतात. एकात मंचाच्या पायऱ्यांवर ऐंशी-शंभर गायक उभे असतात आणि पुढे खुर्च्यांवर चार-पाच एकल गायक बसलेले असतात. आपली पाळी आली की ते उठतात, गातात आणि पुन्हा बसतात. दुसऱ्यात सगळे मिळून जेमतेम आठ-दहा गायक असतात, वेगळ्या खुर्च्या नाहीत, मागे कॉयर म्हणजे गायकवृंद नाही. कोरस, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचे भाग, हीच मंडळी गातात आणि एकल गाणीही हीच. रचना तीच, स्वरलेखन तेच, मग माणसांच्या संख्येत दहा पटींचा फरक कसा?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की खर्च वाचवायला माणसं कमी केली असतील. कारण वेगळं आहे. गेली चाळीसहून अधिक वर्षं हा बरोक संगीतातला सर्वांत तापलेला वाद आहे, आणि त्याच्या मुळाशी आहेत काही जुनी, शाईने लिहिलेली सुटी पानं.

आधी चार शब्द समजून घेऊ

बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० हा युरोपीय संगीताचा काळ. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत जर्मनीतल्या लाइपझिग शहरात चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. रविवारच्या उपासनेसाठी तो कँटाटा रचत असे, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची साधारण वीस-पंचवीस मिनिटांची, अनेक भागांची धार्मिक रचना. येशूच्या वधस्तंभापर्यंतची कथा सांगणारी मोठी रचना म्हणजे पॅशन.

आवाज चार: सोप्रानो सर्वांत वरचा, मग आल्टो, टेनर आणि खालचा बेस. संपूर्ण रचना एकाखाली एक ओळी मांडून लिहिलेली असते तिला स्कोअर म्हणतात. वादक-गायकांच्या हाती मात्र फक्त आपल्या ओळीचं पान असतं, त्याला पार्ट म्हणतात. या लेखातला सगळा पुरावा या पार्टांमध्ये आहे.

उरले दोन शब्द. पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी असतात. शाहीर कथा सांगतो, झीलकरी मागे उभं राहून ‘जी जी’ची साथ देतात आणि ठरावीक ओळी उचलून धरतात. जर्मन चर्चसंगीतातही असे दोन वर्ग होते: मुख्य गायक म्हणजे कॉन्सर्टिस्ट आणि जोडगायक म्हणजे रिपिएनिस्ट. मात्र इथे कॉन्सर्टिस्ट सगळंच गातो, एकल गाणं, संवाद आणि कोरससुद्धा. रिपिएनिस्ट आलाच तर कोरसच्या काही जागी त्याच्या आवाजात आवाज मिसळतो आणि एरवी गप्प राहतो. म्हणजे कोरस हे मुळात मुख्य गायकांचं काम, बाकीचे ही वरची भर. बाखच्या आधी शंभर वर्षं हाइनरिश श्युट्झ या जर्मन संगीतकारानेही १६१९ च्या आपल्या स्तोत्रसंग्रहात हीच विभागणी केली होती. उत्तम गायकांचा छोटा गट मुख्य, आणि आवाजाचं बळ व थाट वाढवायला बाकीचे.

पार्ट काय सांगतात

बाखच्या लाइपझिगमधल्या कँटाटांचे मूळ पार्ट मोठ्या संख्येने टिकले आहेत. बरेचसे बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आणि लाइपझिगमध्ये आहेत, आणि ‘बाख डिजिटल’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. एखाद्या कँटाटाचा संच उघडला की सहसा सोप्रानोचा पार्ट एक, आल्टोचा एक, टेनरचा एक, बेसचा एक. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या मात्र अनेकदा दोन-दोन प्रती असतात. ऑर्गन आणि मंद्र वाद्यांसाठीही एकाहून जास्त प्रती सापडतात, त्यांतली ऑर्गनची प्रत एक स्वर खाली उतरवून लिहिलेली, कारण चर्चचा ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा सुमारे एक स्वर चढा लावलेला असे.

म्हणजे जिथे जास्त माणसं होती तिथे जास्त प्रती काढल्या जात होत्या. व्हायोलिनसाठी दुसरी प्रत काढायला वेळ आणि कागद होता. गायकांसाठी ती काढलेली दिसत नाही.

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला भरलेल्या अमेरिकन म्युझिकॉलॉजिकल सोसायटीच्या अधिवेशनात जोशुआ रिफ्किन या अमेरिकी संगीतज्ञाने हे उघडपणे मांडलं: बाखचा कोरस म्हणजे सर्वसाधारणपणे प्रत्येक ओळीला एक गायक. त्याच सुमारास त्याने ‘बी मायनर मास’ याच पद्धतीने ध्वनिमुद्रित केला. प्रतिक्रिया कडवट होत्या. पुढे इंग्रज संचालक अँड्र्यू पॅरट याने २००० साली या पुराव्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि डच संचालक टोन कोपमन यांच्यासारख्या बाखच्या संगीतात आयुष्य घालवलेल्या जाणकारांनी त्याला तितकाच जोरदार विरोध केला.

एक पार्ट जवळून पाहू

‘सेंट मॅथ्यू पॅशन’ घ्या. १७३६ च्या सादरीकरणासाठी बाखने केलेले पार्ट आपल्याकडे आहेत. रचना दोन कॉयरची, प्रत्येकात चार आवाज. आज मोठ्या सभागृहात ही रचना होते तेव्हा कथा सांगणारा इव्हँजेलिस्ट हा स्वतंत्र टेनर असतो, टेनरची एकल गाणी कधी दुसराच गातो आणि कॉयरमधले पंधरा-वीस टेनर मागे वेगळे उभे असतात.

बाखच्या पहिल्या कॉयरच्या टेनर पार्टमध्ये हे सगळं एकाच कागदावर, एकाखाली एक आहे: कथन, एकल गाणी, कोरस आणि साधी स्तोत्रं. पहिल्या कॉयरच्या बेस पार्टमध्ये येशूचे उद्गार आहेत, आणि नंतर येशूला सुळावर द्या म्हणून ओरडणाऱ्या जमावाची ओळही त्याच पानावर आहे. तोच गळा दोन्ही गातो. आजच्या श्रोत्याला हे खटकतं, पण उपदेशाच्या अंगाने पाहिलं तर त्यात खोल अर्थ आहे. यहुदा, पेत्र, पिलात अशा छोट्या भूमिकांसाठी मात्र बाखने वेगळी पानं काढली आहेत. वेगळ्या माणसाने गायचं असेल तेव्हा वेगळं पान काढायचं, ही त्याची पद्धत इथे स्पष्ट दिसते.

आता येशूच्या अटकेआधीचा, गेथसेमानेच्या बागेतला प्रसंग. पहिल्या कॉयरचा टेनर गातो, ‘मी माझ्या येशूपाशी जागा राहीन’, आणि दुसरा कॉयर हळू आवाजात उत्तर देतो, ‘तेव्हा आमची पापं झोपी जातात’. उत्तर द्यायला साठ जण असले की एकल गायकामागे सुरांची मऊ भिंत उभी राहते. चारच जण असले की ती चार माणसांची कुजबुज होते आणि एकेक शब्द कानावर येतो.

‘एका पानावरून तिघं गात असतील की!’

हा सर्वांत स्वाभाविक आक्षेप. भजनाला एका वहीत तिघं डोकावतात, मग लाइपझिगची मुलं का नाही डोकावणार?

शक्य आहे, पण पार्टांवर त्याच्या खुणा हव्यात. एका पानावर तिघं असतील तर ‘इथे एकट्याने’ आणि ‘इथे सगळ्यांनी’ अशा सूचना लागतात, नाहीतर एकल गाणं सुरू झाल्यावर बाकीच्या दोघांनी थांबायचं हे त्यांना कळणार कसं? बाखच्या गायकांच्या पार्टांवर अशा सूचना क्वचितच सापडतात. आणि रिपिएनिस्ट खरोखर होते तेव्हा त्यांना वेगळी पानं मिळालेली दिसतात. १७२४ मध्ये गुड फ्रायडेला प्रथम सादर झालेल्या ‘सेंट जॉन पॅशन’चे चार रिपिएनो पार्ट टिकले आहेत, त्यांत फक्त कोरस आणि स्तोत्रं आहेत आणि एकल गाण्यांच्या जागी ‘गप्प राहा’ अशी सूचना. २१, ७६ आणि ११० क्रमांकाच्या कँटाटांचेही असेच पार्ट आहेत. असे संच थोडे आहेत, पण पद्धत काय होती ते त्यांतून कळतं.

दुसरा प्रश्न येतो, जास्तीच्या प्रती हरवल्या असतील तर? बाखच्या मृत्यूनंतर त्याची हस्तलिखितं मुलांत आणि पत्नीत वाटली गेली. १७५० मध्ये पत्नी आना माग्दालेनाने स्तोत्रांवर आधारलेल्या कँटाटांचे पार्ट सेंट थॉमस शाळेला दिले, आणि त्यांच्या जोडप्रती स्कोअरबरोबर दुसऱ्या वाटणीत गेल्या. पण त्या जोडप्रती व्हायोलिनच्या आणि मंद्र वाद्यांच्या. गायकांच्या तेवढ्या नेमाने गहाळ झाल्या हे मानणं जड जातं.

‘पण बाखनेच बारा गायक मागितले होते’

विरोधकांच्या हातातला सर्वांत भक्कम कागद हाच. २३ ऑगस्ट १७३० रोजी बाखने लाइपझिगच्या नगर परिषदेला एक लेखी निवेदन दिलं. शाळेच्या मुलांतून चार चर्चसाठी चार कॉयर उभे करावे लागत. बाख लिहितो की प्रत्येक कॉयरला किमान १२ गायक हवेत, प्रत्येक आवाजाला ३, आणि १६ मिळाले तर अधिक चांगलं. हाताशी असलेल्या मुलांचा हिशेबही तो मांडतो: १७ कामाची, २० अजून तयार न झालेली आणि १७ निरुपयोगी. चौथ्या चर्चला तर जेमतेम स्तोत्र म्हणू शकणारी मुलं पाठवावी लागत.

तीनच का, तेही त्याने सांगितलं आहे. मुलं वारंवार आजारी पडतात, शाळेच्या डॉक्टरने लिहिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या पाहा म्हणतो, म्हणून एखादा आजारी पडला तरी निदान दोन कॉयरचं मोटेट (अनेक आवाजांची धार्मिक गायनरचना) गाता यावं. इथे थोडी बेरीज-वजाबाकी करा. दोन कॉयरच्या मोटेटमध्ये सोप्रानोच्या ओळी दोन. तीन सोप्रानोंपैकी एक आजारी पडला की उरले दोन. दोन ओळी, दोन गायक. किमान गरज मोजताना बाख स्वतःच एका ओळीला एक गायक धरतो आहे.

पण त्याच निवेदनात असंही आहे की कॉन्सर्टिस्ट साधारणपणे ४, कधी ८ पर्यंत, आणि रिपिएनिस्ट किमान ८ असावेत, प्रत्येक आवाजाला दोन. हे वाक्य झाकून ठेवून वाद जिंकता येणार नाही. रिफ्किनच्या बाजूचं उत्तर असं की हा वर्षभराच्या सगळ्या कामांसाठीचा पट आहे आणि एका रविवारच्या कँटाटाला किती जण उभे राहिले हे तो सांगत नाही. शिवाय याच मुलांपैकी काहींना वादक कमी असल्याने व्हायोला किंवा चेलो हातात घ्यावा लागे, अशी तक्रारही बाखने तिथेच केली आहे.

आमच्या मते हा वाद थोडा चुकीच्या जागी लढला जातो. विरोधकांचं म्हणणं पूर्ण मान्य केलं तरी बाखचा कोरस १२ ते १६ जणांचा होतो, आणि त्यात मुख्य चार गायक आतच असतात. कोरस चालू असताना खुर्च्यांवर बसून राहणारे एकल गायक आणि मागे फक्त कोरस गाणारा वेगळा जथा, ही मांडणी कोणत्याही बाजूच्या पुराव्यात बसत नाही. आकड्याहून हा मुद्दा मोठा आहे, आणि तो नेमका बाजूला पडतो.

‘एवढ्या चर्चमध्ये चार आवाज ऐकू कसे येतील?’

आजच्या वाद्यवृंदासमोर कदाचित येणारही नाहीत. बाखच्या निवेदनात वाद्यांची मागणीही आहे: पहिली व्हायोलिनं २ किंवा ३, दुसरी २ किंवा ३, चार व्हायोला, दोन चेलो, एक मोठं मंद्र वाद्य, दोन-तीन ओबो आणि एक-दोन बासून ही फुंकून वाजवायची वाद्यं, तीन ट्रम्पेट आणि नगारे. तारा आतड्याच्या, ट्रम्पेटला झडपा नाहीत, वाद्यांची पट्टी आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर उतरती. एकूण आवाज आजच्या स्टीलच्या तारांच्या वाद्यवृंदापेक्षा बराच सौम्य.

गायक उभे कुठे राहतात यानेही फार फरक पडतो. सभागृहात कॉयर वाद्यवृंदाच्या मागे असतो, म्हणून आवाज पुढे पोचवायला माणसं वाढवावी लागतात. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये संगीत वरच्या सज्ज्यातून होई. चांगला गायक कठड्याशी, वाद्यांच्या पुढे उभा राहिला की त्याच्या आणि श्रोत्याच्या मध्ये काही येत नाही. त्या काळी चर्चमध्ये लाकडी सज्जे आणि बाकं दाटीने होती, त्यामुळे घुमारा आजच्यापेक्षा कमी आणि शब्द अधिक स्पष्ट.

मग शंभरांचा कॉयर आला कुठून?

बाखनंतर. १७८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चमध्ये बाखचा समकालीन संगीतकार हँडेल याच्या स्मरणार्थ गायक-वादक मिळून पाचशेहून अधिक जण एकत्र आले. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांचा संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन याने बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा लोकांसमोर आणलं, तेव्हा सिंगअकाडेमी या हौशी गायकसंस्थेचे दीडशेच्या आसपास गायक होते. एकोणिसाव्या शतकात अशा संस्था गावोगावी निघाल्या. बाख आज जगभर गायला जातो तो त्यांच्यामुळे, आणि मोठ्या कॉयरमध्ये गाण्याचा आनंद कुणी कमी लेखू नये.

सगळ्या बरोक संगीताला एकच माप लावणंही चूक. हँडेलच्या लंडनमध्ये त्याच्या ‘मसाया’ या रचनेसाठी १७५४ च्या सुमारास कोरसला वीसेक गायक असत, आणि एकल गायकही त्यांच्याबरोबर कोरस गात.

‘एका ओळीला एक’ म्हणजे नेहमी चारच माणसं असंही नाही. ‘बी मायनर मास’च्या सुरुवातीच्या कोरसला पाच ओळी आहेत, त्यातल्याच ‘सांक्टुस’ या भागाला सहा आणि ‘ओसाना’ या भागाला आठ. एकेका ओळीला एकच गायक ठेवला तरी आठ जण लागतातच.

करून पाहायचं असेल तर

मुंबई, पुणे, गोवा इथल्या कॉयरना हे सहज करता येण्याजोगं आहे. गोव्यात लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत गायले जाणारे मोतेत मोजक्या आवाजांत आणि व्हायोलिनच्या साथीने होतात, त्यामुळे तिथल्या चर्चगायकांच्या कानांना ही पोत परकी नाही. सुरुवातीला १०६ क्रमांकाचा कँटाटा, ‘आक्टुस ट्रागिकुस’, घ्यावा. साधारण वीस मिनिटांची रचना, चार गायक, दोन रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य), दोन व्हियोला दा गांबा (गुडघ्यांत धरून वाजवायचं जुनं तारवाद्य), एक चेलो आणि ऑर्गन. एकूण दहा माणसं. गांबा मिळत नसेल तर व्हायोला आणि चेलोवर भागतं. या रचनेच्या आवृत्त्या ई फ्लॅट आणि एफ अशा दोन पट्ट्यांत मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पार्ट एकाच पट्टीतले आहेत ना हे तपासा. वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवलेल्या पार्टांमुळे पहिली तालीम इथेच वाया जाते.

पहिल्या दोन तालमी फक्त चार गायक आणि मंद्र साथीच्या. गायक अर्धवर्तुळात, वाद्यांच्या पुढे. आधी बिघडतो तो श्वास. मोठ्या कॉयरमध्ये शेजारी गात असतो म्हणून चोरून दम घेता येतो, इथे दम घेतला की ओळ तुटलेली ऐकू येते. बरेच जण बारची (ठरावीक मात्रांच्या गटाची) उभी रेघ आली की श्वास घेतात. बाखच्या जलद स्वरांच्या माळा पुढच्या ठोक्याकडे धावत असतात, त्यामुळे तिथे दम घेतला की धाव खुंटते. ठोक्यावरचा स्वर लावून मग श्वास घ्यावा, आणि प्रत्येक जागेवर पेन्सिलने खूण करावी. आयत्या वेळी सुचेल यावर विसंबू नये.

नंतर सूर. एका ओळीला वीस जण असले की थोडा इकडचा-तिकडचा सूर मिसळून जातो, एकटा गायक मात्र उघडा पडतो. कॉर्डमधला, म्हणजे एकत्र लागणाऱ्या स्वरांतला, गंधार पियानोवर बसवलेला असेल तर तो चढा लागतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो, पियानोचा ४०० वर, चौदा सेंटचा फरक. पेटीच्या गंधाराबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं तेच हे. कॉर्डमध्ये गंधार ज्याच्याकडे असेल त्याने तो किंचित उतरवून बेसशी जुळवायचा. आवाज हलवत ठेवला तर ही जुळणी ऐकूच येत नाही, म्हणून कंप कमी.

आणि एकाचा घसा बसला तर कार्यक्रम थांबतो. यावर उपाय बाखने सांगितलेलाच: प्रत्येक आवाजाला एक तयार जोडीदार ठेवा. त्याला तालमीत बसवा, हवं तर शेवटच्या कोरसला रिपिएनिस्ट म्हणून उभं करा.

या कँटाटाच्या मध्यावर एक जागा आहे. आल्टो, टेनर आणि बेस जुना नियम गातात, ‘माणसा, तुला मरायलाच हवं’. एकाच्या मागे दुसरा, तोच सूर पुन्हा पुन्हा, सुटका नसल्यासारखा. वरून सोप्रानो म्हणते, ‘हो, ये, प्रभू येशू, ये’. रेकॉर्डर त्याच वेळी मरणाचं एक जुनं स्तोत्र शब्दांवाचून वाजवत असतात. हळूहळू खालचे तिघं थांबतात, मग वाद्यंही थांबतात, आणि सोप्रानो एकटीच उरते, ‘येशू’ हे नाव घेत. तिचा सूरही साथीवाचून विरतो आणि त्यानंतर बाखने एक अख्खा बार रिकामा ठेवला आहे. या कँटाटाचे मूळ पार्ट टिकलेले नाहीत, त्यामुळे १७०७ च्या आसपास तिथे किती जण उभे होते याचा कागद दाखवता येत नाही. पण तालमीत ही जागा आधी प्रत्येक ओळीला चार जण ठेवून आणि मग एकेक ठेवून गाऊन पाहा. त्या रिकाम्या बारमध्ये कुणी पान उलटणार नाही, एवढं मात्र आधी सांगून ठेवा.